दाखला आधी की उपचार आधी?

साथ ओसरली म्हणजे साथीच्या काळात पडलेले पायंडे ओसरतातच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर आपल्याकडे त्या तीन वर्षांचा हिशेब मांडण्याचे काम जवळजवळ थांबलेच. प्राणवायू, लस, टाळेबंदीत रस्त्यावर आलेला मजूर यांविषयी थोडेफार लिहिले गेले. परंतु एका प्रश्नाकडे श्रमिकांच्या चळवळीनेही पुरेसे लक्ष दिले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी, बाळंतपणापूर्वी, डायलिसिसपूर्वी रुग्णाची विषाणूसाठी चाचणी करावी की नाही, केली तर कोणी करावी, आणि चाचणीचा निकाल हाती नसेल तर त्या रुग्णाचे काय करावे, हा तो प्रश्न. शहरातील सुस्थित माणसाला ही चाचणी म्हणजे फार तर एक कटकट वाटली असेल. खेड्यातील कष्टकऱ्याला तिचा अनुभव वेगळाच आला.

हा प्रश्न मुंबईहून न पाहता धानोऱ्याहून पाहावा, असे मला वाटते. धानोरा म्हटले की पुष्कळांना गडचिरोलीतील तालुक्याचे गाव आठवते. येथे अभिप्रेत आहे ते नंदुरबार तालुक्यातील धानोरा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि तीत दर दहांमागे जवळजवळ सात माणसे आदिवासी. ऊसतोडीसाठी आणि बांधकामासाठी बिऱ्हाडासह गुजरातेत जाणे, पावसाच्या तोंडावर परतणे, हा येथील कितीतरी कुटुंबांचा वर्षक्रम. अशा गावातील एखाद्या बाईचे बाळंतपण अडले तर गावच्या पातळीवर शस्त्रक्रिया होत नाही. आशाताईने फोन करावा, १०८ ची गाडी यावी, नाही आली तर कोणाच्या तरी जीपला डिझेलचे पैसे द्यावेत आणि नंदुरबार गाठावे. तेथेही जमले नाही तर पुढे धुळे, म्हणजे आणखी शंभराच्या जवळपास किलोमीटर. काही गावांतील लोकांना सुरत जवळ वाटते.

आता २०२० चा उन्हाळा आठवा. जिल्ह्यात पहिला बाधित रुग्ण एप्रिलमध्ये सापडला. त्या पहिल्या काळात नंदुरबारमध्ये घशाचा वा नाकाचा नमुना घेता येत होता. त्याची तपासणी मात्र जिल्ह्यात होत नव्हती. नमुना बर्फाच्या डब्यात बंद होऊन धुळ्याच्या रस्त्याला लागायचा आणि निकाल तसाच उलट्या वाटेने यायचा. आरटीपीसीआर ही चाचणी स्वतः काही तासांचीच असते. विषाणूच्या जनुकद्रव्याच्या यंत्रात असंख्य प्रती काढायच्या आणि तो आहे की नाही हे पाहायचे, एवढीच तिची रीत. दिवस जातात ते वाहतुकीत, रांगेत आणि कागदांत. मुंबईच्या रुग्णाला जो निकाल उद्या मिळतो, तो धानोऱ्याच्या रुग्णाला परवा किंवा तेरवा मिळणार असेल, तर दोघांना लावलेला एकच नियम दोघांसाठी एकच राहत नाही. अडलेली बाई परवापर्यंत थांबू शकत नाही.

परंतु यावरून चाचणीच नको, असा निष्कर्ष काढणाऱ्या मित्रांशी माझा मतभेद आहे. आपल्यातील काही कार्यकर्त्यांना तपासणी या शब्दाचाच तिटकारा आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. १८९७ साली पुण्यात रँडच्या प्लेग समितीचे सोल्जर घरात शिरले आणि तपासणीच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांची विटंबना केली, ही आठवण मराठी माणसाच्या मनातून गेलेली नाही. त्याच वर्षीचा साथरोग कायदा सव्वाशे वर्षांनंतर मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, तेव्हा ती आठवण जागी होणे स्वाभाविक होते. पण त्याच १८९७ सालची दुसरी आठवणही आपलीच आहे. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी गेल्या. रोगी शोधणे हे काम तेच असते. ते कोणत्या हेतूने होते आणि शोधल्यावर त्या रोग्याला उचलून घेतले जाते की हाकलले जाते, यावर सारे अवलंबून असते.

रुग्णालयातील चाचणीच्या बाजूने पहिला मुद्दा श्रमिकांचा आहे. शस्त्रक्रियागृहात केवळ सर्जन नसतो. भूल देणारा, परिचारिका, वॉर्डबॉय, रक्ताळलेल्या चादरी धुणारा, लादी पुसणारी कंत्राटी बाई, हे सारे तेथे असतात. श्वासनलिकेत नळी घालताना विषाणू हवेत उडतो. बाळंतपणात तासन्तास रुग्णाच्या तोंडाजवळ थांबावे लागते. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या एका बड्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि ते रुग्णालयच बंद करावे लागले. त्या परिचारिकांनी चाचणीची मागणी केली असेल तर तिला भीती म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणाला आहे? गिरणी कामगाराने यंत्राला जाळी मागावी तशीच ती मागणी होती.

दुसरा मुद्दा खुद्द रुग्णाचा आहे. मे २०२० मध्ये २४ देशांतील १,१२८ रुग्णांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे ज्यांना कोविडची लागण झालेली होती, त्यांपैकी जवळजवळ २४ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावले होते. म्हणजे जी शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते ती ढकलणे रुग्णाच्याच हिताचे, आणि ढकलायची की नाही हे ठरवण्यासाठी चाचणी हवीच. केवळ ताप-खोकला विचारून भागत नाही. न्यूयॉर्कमधील दोन रुग्णालयांनी मार्च-एप्रिल २०२० मध्ये बाळंतपणासाठी आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. २१५ पैकी ३३ बाधित निघाल्या आणि त्या ३३ पैकी २९ जणींना दाखल होताना कोणतेही लक्षण नव्हते. मुंबईतही बाधित गरोदर स्त्रियांपैकी बहुतेक जणी लक्षणांवाचून होत्या, असेच दिसून आले.

तेव्हा चाचणी शास्त्रीय होती, आवश्यक होती. मग ती जीवघेणी कशी झाली? या प्रश्नाचे उत्तर मुंबईत शोधावे लागते. खेड्यात काय झाले याची फारशी नोंद होत नाही. मुंबईत निदान वर्तमानपत्र आणि न्यायालय हाकेच्या अंतरावर आहेत.

मे २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक जनहित याचिका आली. कोरोना नसल्याचा दाखला जवळ नाही म्हणून एका गरोदर स्त्रीला सरकारी रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही, अशी तक्रार होती. त्याच महिन्यात मुंब्र्यात एका गरोदर स्त्रीला घेऊन तिचे नातेवाईक एकामागून एक तीन रुग्णालयांच्या दारात गेले आणि अखेर तिने रिक्षातच प्राण सोडला. आठवड्यातून दोन-तीन वेळा ज्यांना डायलिसिस लागतो अशा रुग्णांनाही ‘आधी रिपोर्ट आणा’ हे वाक्य ऐकावे लागले. या वाक्याकडे नीट पाहिले पाहिजे. ‘आम्ही तुमची तपासणी करतो’ असे ते म्हणत नाही. ‘तुम्ही स्वतः शुद्ध असल्याचा पुरावा घेऊन या’ असे ते म्हणते. रुग्णालयाचे कर्तव्य येथे उलटून रुग्णाची पात्रता बनते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना दारात उभे करून शुद्धाशुद्ध विचारले, त्या समाजात हे किती सहज घडावे, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

त्या दाखल्याला किंमतही होती. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने खासगी प्रयोगशाळांसाठी चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरवली. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २३८ रुपये होती. म्हणजे एका चाचणीसाठी सुमारे १९ दिवसांची मजुरी, आणि तीही काम मिळाले तर. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल रोजी खासगी प्रयोगशाळांतही चाचणी मोफत करावी असे म्हटले. पाचच दिवसांनी, १३ एप्रिल रोजी, तो आदेश आयुष्मान योजनेतील व शासनाने ठरवलेल्या दुर्बल घटकांपुरता मर्यादित झाला. पुढे महाराष्ट्र शासनाने दर टप्प्याटप्प्याने खाली आणले आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते ३५० रुपयांपर्यंत उतरले. कच्चा माल स्वस्त झाला, स्पर्धा वाढली, हे सारे मान्य. पण ३५० रुपयांत परवडणारी गोष्ट लोक सर्वाधिक घाबरलेले असताना ४,५०० ला विकली गेली, हेही नोंदले पाहिजे. सरकारी प्रयोगशाळेतील चाचणी मोफत होती, हे खरे आहे. परंतु ज्याला निकाल आजच हवा होता, त्याला खासगीत जाणे भाग होते, आणि खासगी प्रयोगशाळा धानोऱ्याच्या वाटेवर नव्हती.

याहून खेदाची बाब अशी, की ज्या दाखल्यासाठी हे सारे घडले तो दाखला तितका खात्रीचा नव्हता. लागण झाल्यावर पहिले काही दिवस चाचणीत विषाणू सापडेलच असे नाही. सोमवारी ‘नाही’ म्हणून आलेला माणूस गुरुवारी बाधित असू शकतो. उलट, बरा झालेल्या माणसाच्या नाकात विषाणूचे मृत अवशेष कित्येक आठवडे राहतात आणि चाचणी त्याला बाधित ठरवत राहते. जून २०२० मध्ये परवानगी मिळालेली अँटिजेन चाचणी अर्ध्या तासात निकाल देते. परंतु लक्षणे असलेल्या रुग्णात तिने दिलेल्या नकारावर विसंबू नये, आरटीपीसीआर करावी, असे परिषदेनेच सांगितले होते. तेव्हा शस्त्रक्रियागृहातील सर्वांचे खरे संरक्षण कागदात नव्हते. प्रत्येक रुग्ण बाधित असू शकतो असे धरून मुखपट्टी, हातमोजे, अंगरखा, हवेशीर खोली यांची तरतूद करणे, हाच त्याचा पाया होता. मुंबईच्या नायर रुग्णालयात बाधित असल्याचे ठाऊक असलेल्या मातांची शेकडो बाळंतपणे झाली. ती महापालिकेच्या रुग्णालयात झाली, हे विसरू नये. तेथे चाचणीचा उपयोग कोणाला कोणत्या वॉर्डात न्यायचे हे ठरवण्यासाठी झाला.

शासनाच्या तज्ज्ञांना हे कळत नव्हते असेही नाही. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १८ मे २०२० च्या सूचनेत स्पष्ट म्हटले होते की, चाचणी नाही म्हणून कोणतीही तातडीची प्रक्रिया, बाळंतपणासह, लांबवू नये. नमुना त्याच वेळी पाठवता येईल. सप्टेंबर २०२० च्या सूचनेत शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या आणि बाळंतपणासाठी दाखल झालेल्या सर्वांची चाचणी सुचवली गेली. पण चाचणीची सोय नाही या कारणाने गरोदर स्त्रीला दुसरीकडे पाठवू नये, हेही बजावले होते. १० जानेवारी २०२२ रोजी ओमायक्रॉनच्या लाटेत धोरण बदलले आणि लक्षणे नसतील तर शस्त्रक्रियेपूर्वीही चाचणी करू नये, असे ठरले. या तिसऱ्या निर्णयावर मते भिन्न असू शकतात. विषाणू इतक्या वेगाने पसरत असताना निकालाची वाट पाहणे निरर्थक होते, असे माझे मत आहे. प्रश्न पहिल्या दोन सूचनांचा आहे. ती इंग्रजी परिपत्रके किती ग्रामीण रुग्णालयांच्या भिंतीवर मराठीत लागली? भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या माणसाला ती कोणी वाचून दाखवली? दारात अडवलेल्या नातेवाइकाच्या हाती तो एक कागद असता तर तो वाद घालू शकला असता. अडवणारा नियम सर्वांना तोंडपाठ होता आणि वाचवणारा नियम दप्तरात होता.

कायदाही याहून जुना आहे. १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला पश्चिम बंगालमधील एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट नाही म्हणून परत पाठवले. त्याच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजदूर समितीने, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा नेला आणि १९९६ मध्ये निकाल मिळवला की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचा उपचार नाकारणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे. हा हक्क शेतमजुरांच्या संघटनेने मिळवलेला आहे, आणि आपल्याच कार्यकर्त्यांना तो क्वचित ठाऊक असतो. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे. उपचार मिळण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि संमतीशिवाय ती करता येत नाही. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी लिहून दिल्या जाणाऱ्या रक्ततपासण्यांच्या चिठ्ठीत ती चाचणी किती वेळा न विचारता येते, हे ज्याने एकदा तरी नातेवाइकाला दवाखान्यात नेले आहे त्याने आठवून पाहावे. कोविडने ही वाईट सवय निर्माण केली नाही. तिला प्रतिष्ठा दिली.

येथे कोणी म्हणेल की, नंदुरबारसारख्या मागास जिल्ह्यात यंत्रे, प्रयोगशाळा, तंत्रज्ञ आणणार कोठून? हा युक्तिवाद मला ऐकवत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू याच जिल्ह्यात, नवापूरच्या कोंबड्यांत सापडला होता. तेव्हा पक्ष्यांचे नमुने भोपाळला गेले आणि माणसांचे नमुनेही जिल्ह्याबाहेर पाठवावे लागले. सुदैवाने माणसांत एकही लागण निघाली नाही. विषाणूची एवढी ठळक सूचना मिळूनही १४ वर्षांनंतर त्याच जिल्ह्याचे नमुने पुन्हा रस्त्यावरच होते. मागासलेपण म्हणतात ते हे. ते डोंगरदऱ्यांत नसते, अग्रक्रमांच्या यादीत असते.

आणि अग्रक्रम बदलला की काय होते, हेही नंदुरबारनेच दाखवले. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात सप्टेंबर २०२० पासून जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प उभे राहू लागले. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे टँकरची वाट पाहत असताना हा आदिवासी जिल्हा स्वतःचा प्राणवायू स्वतः तयार करत होता. भारूड स्वतः भिल्ल समाजातून आलेले डॉक्टर; पण एका चांगल्या अधिकाऱ्याच्या कौतुकावर आपण थांबता कामा नये, कारण अधिकाऱ्याची बदली होते. लक्षात घ्यायचे ते एवढेच की प्राणवायू जिल्ह्यात तयार होऊ शकत असेल तर निकालही जिल्ह्यात मिळू शकतो. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट नावाचे यंत्र क्षयरोगासाठी बनवलेले आहे. ते बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित प्रयोगशाळा लागत नाही आणि तास-दीड तासात ते निकाल देते. एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठीही त्याला मान्यता मिळाली. क्षयरोग हा तर या भागाचा जुना शत्रू. अशी यंत्रे साथीच्या आधीच ग्रामीण रुग्णालयांत असती तर क्षयाचे रुग्णही वेळेवर सापडले असते आणि अडलेल्या बाईचा नमुनाही तिला आत घेतल्यावर, तिच्यावर उपचार चालू असतानाच तपासला गेला असता.

यंत्राबरोबर माणूस लागतो, आणि येथे आपली जबाबदारी सुरू होते. साथीत घरोघरी जाऊन ताप मोजणाऱ्या, संशयितांना केंद्रात आणणाऱ्या आशाताईंना जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. जिच्या शब्दावर गावातील बाई नाकात काडी घालून घ्यायला तयार होते, तिला शासन कामगार मानत नाही, स्वयंसेविका म्हणते. शस्त्रक्रियागृहात सर्जनला पूर्ण पोशाख आणि मागून लादी पुसणाऱ्या कंत्राटी कामगाराला कापडी फडके, हे ज्या रुग्णालयात घडते तेथे चाचणीची सक्ती कितीही कडक केली तरी ती अर्धवटच राहणार. रुग्णाला दारात अडवणारा कर्मचारी पुष्कळदा स्वतः असुरक्षित असतो. त्याच्यावर हात उगारून प्रश्न सुटत नाही. त्याच्या संरक्षणाची मागणी आणि रुग्णाच्या प्रवेशाची मागणी एकाच निवेदनात घातली पाहिजे. परिचारिकांच्या संघटना आणि आदिवासींच्या संघटना या प्रश्नावर एकत्र बसल्या नाहीत, ही आपल्या सर्वांचीच चूक झाली.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. आज मात्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेलाही अधिकार आहेत. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव येथील कार्यकर्त्यांनी या समित्यांच्या पुढच्या बैठकीला जावे आणि काही साध्या गोष्टी विचाराव्यात. जवळच्या रुग्णालयात ट्रूनॅटचे यंत्र आहे का, ते चालू आहे का, की तंत्रज्ञाअभावी झाकून ठेवले आहे? त्याच्या चिप्स किती शिल्लक आहेत? सफाई कामगारांना हातमोजे शेवटचे केव्हा मिळाले? आणि चाचणीअभावी तातडीचा उपचार थांबवता येणार नाही, हे वाक्य मराठीत आणि तेथील बोलीत लिहून दर्शनी भिंतीवर लावण्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांची काही हरकत आहे का? हरकत असेल तर ती लेखी घ्यावी.